पागडीवाला की वाढीव बांधकाम?

आमच्या सरांना कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "जुना फोटो आणलाय?"

पेशंटला विचारायचे ते समजण्यासारखं आहे. छातीचे एक्स-रे वाचून रिपोर्ट देणं हे त्यांचं काम, आणि एक्स-रेला आपल्याकडे फोटोच म्हणतात. पण सर कुरिअरवाल्यालाही तेच विचारायचे. एकदा मी नवी साडी नेसून गेले, तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "बरी दिसतेस. पण जुना फोटो असल्याशिवाय सुधारणा आहे की नाही ते सांगता येत नाही." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते त्यांच्या लक्षातच आलं नाही, त्यामुळे तिसऱ्या दिवशी मीच बोलायला लागले.

बोरिवलीहून आलेल्या एका काकांनी खरोखरच लग्नातला फोटो आणला होता. सरांनी तो पाच मिनिटं भिंगातून न्याहाळला आणि म्हणाले, "फुप्फुसाचं यात काही कळत नाही. पण काकू तेव्हापासूनच नाराज दिसतायत." काकू शेजारीच बसल्या होत्या. हसल्या त्याच जास्त.

आमचं सेंटर विलेपार्ल्याला, पूर्वेला, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. सर सत्तरीच्या घरातले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाऐवजी शाळेतली सहा इंची प्लॅस्टिकची पट्टी, पायात चपला. जन्म पार्ल्यातला, त्यामुळे जगातल्या सगळ्या घडामोडींची मोजणी पार्ल्यापासून सुरू. बिस्किटांचा कारखाना बंद पडला आणि तो वास गेला, तेव्हापासून इथली माणसं खोकायला लागली असं ते छातीठोकपणे सांगायचे. मी विचारलं, "हे मेडिकल मत आहे का, सर?" तर म्हणाले, "नाही. पार्लेकर मत आहे. ते त्याच्या वरचं."

मी त्यांची टायपिस्ट. एक्स-रेच्या खोलीशेजारच्या अंधाऱ्या खोलीत ते पडद्याकडे बघत बोलायचे आणि मी पाठमोरी बसून टाइप करायचे. सहा वर्षं मी हेच केलं. मी बीकॉम आहे, पण एवढी वर्षं रोज शंभर छात्यांचं वर्णन कानांवर पडल्यावर माणूस थोडाफार डॉक्टर होतोच. निदान त्याला तसं वाटायला लागतं, आणि माझ्या बाबतीत तिथेच सगळा घोटाळा झाला.

सरांची एक पद्धत होती. कंप्युटरच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव येतं. त्यावर सरांनी जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावून ठेवली होती. वय आणि बाई की पुरुष तेवढं दिसेल अशी बेताने कापलेली. आधी पूर्ण रिपोर्ट सांगायचा, मग पट्टीचं टोक उचलायचं, नाव मोठ्याने वाचायचं, नंबर जुळवायचा आणि पट्टी परत खाली. नाव सगळ्यात शेवटी. मी एकदा कारण विचारलं होतं. म्हणाले, "नाव आधी दिसलं की डोळे नातं जोडायला लागतात. आडनावावरून गाव काढतात. मग बघायचं राहून जातं." सेंटरच्या मालकांना ती कळकट पट्टी अजिबात आवडायची नाही. त्यांनी दोनदा काढून टाकली, सरांनी तिसऱ्यांदा दोन लावल्या.

छातीच्या फोटोत गोल ठिपका दिसला की सर खुर्ची पडद्याजवळ ओढायचे. डॉक्टरी भाषेत त्याला नोड्यूल म्हणतात. तो निरुपद्रवी आहे की कॅन्सर, हा सगळ्या दुनियेला पडणारा प्रश्न. सरांनी त्यावर आपली उपनगरी भाषा तयार केली होती. निरुपद्रवी ठिपका म्हणजे पागडीवाला, म्हणजे जुन्या बिल्डिंगमधला पिढ्यान् पिढ्या राहणारा भाडेकरू. बहुतेक वेळा जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण. "त्याच्या कडा बघ. गुळगुळीत. मधोमध चुना साठलाय. गप्प बसलाय बिचारा, कुणाच्या अध्यातमध्यात नाही." आणि दुसरा तो वाढीव बांधकामवाला. "याला कडेने काटे फुटलेत बघ. गॅलरी बाहेर काढलीय, शेजाऱ्याची भिंत आपल्याकडे ओढून घेतलीय. हा आज एवढा आहे, सहा महिन्यांनी मजला चढवेल."

रिपोर्टमध्ये अर्थात हे काही यायचं नाही, तिथे सगळं नीट इंग्रजीत. पण बोलायचे असंच, आणि हळूहळू टेक्निशियनपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे असंच बोलायला लागले. "आज पागडीवाले किती?" असं मावशी विचारायच्या.

"कडा फसवतात, चुनाही फसवतो," सर म्हणायचे. "खरा प्रश्न एकच, हा इथे कधीपासून राहतो? दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत हा इथेच, एवढाच असेल, तर सोडा त्याला. जुना फोटो म्हणजे रहिवासाचा दाखला."

हा दाखला मिळवायचं काम माझ्याकडे होतं. मी काउंटरवर जाऊन लोकांना फैलावर घ्यायचे. जुन्या एक्स-रेचं लोक काय काय करतात ते ऐकलं तर तुम्ही हसाल. कुणी त्यातून ग्रहण बघतं. ते करू नका, डोळे जातील, हे सरांनी काउंटरवर लिहूनच लावलं होतं. वाकोल्याच्या एका रिक्षावाल्याने फुटलेल्या मागच्या काचेला सासऱ्यांची छाती लावली होती. एका बाईंनी कापून रांगोळीचे छाप केले होते. सरांनी तो छाप मागवून घेतला आणि उजेडावर धरून बराच वेळ बघितला, बरगड्यांच्या मधोमध कमळ. मी त्या बाईंना म्हटलं होतं, "एवढं साधं जपून ठेवता येत नाही का हो? तुमच्याच छातीचा आहे ना?" हे वाक्य मी सहा वर्षांत किती जणांना ऐकवलं असेल, त्याला गणती नाही.

लोकांना सर विक्षिप्त वाटायचे. मलाही वाटायचे. एकदा रिपोर्ट लवकर संपले तेव्हा मी विचारलं, "सर, एवढं काय हो जुन्या फोटोचं? वेड लागल्यासारखं?" त्यांनी खालचा ड्रॉवर उघडला आणि एक पिवळा पडलेला लिफाफा दाखवला. मुलुंडच्या एका शिक्षकांचा फोटो. छान गुळगुळीत कडेचा ठिपका बघून सरांनी तरुणपणी रुबाबात लिहून टाकलं होतं, काळजीचं कारण नाही. जुना फोटो मागितलाच नाही. तो मागितला असता तर कळलं असतं की वर्षभरापूर्वी तिथे काहीच नव्हतं. ते शिक्षक गेले. सरांनी एवढंच सांगितलं, ड्रॉवर लावला आणि मावशींना चहा टाकायला सांगितला. नंतर मी त्यांची त्यावरून चेष्टा केली नाही.

मग सेंटरमध्ये जावईबापू आले. हे नावही सरांचंच. मालकांनी एक नवा प्रोग्रॅम घेतला, तो एक्स-रे बघून संशयास्पद ठिपक्याभोवती आपोआप लाल चौकोन काढायचा. त्याच्यासाठी नवा कंप्युटर, नवा एसी, रोज धूळ पुसणं, म्हणून जावईबापू. मालकांनी आसपासचे डॉक्टर बोलावून समोसे-चहाचा कार्यक्रम ठेवला आणि सगळ्यांसमोर स्वतःच्याच छातीचा फोटो प्रोग्रॅमला दिला. जावईबापूंनी पापणी लवायच्या आत डाव्या बाजूला खाली लाल चौकोन काढला. सगळ्यांचे समोसे हातातच राहिले. मालकांचा चेहरा पांढराफटक पडला.

सर कोपऱ्यातून उठले. "मालक, शर्ट काढा."

त्यांनी माझ्या टेबलावरून कागदाची टाचणी घेतली, वाकवून गोल केली, मालकांना पडद्याआड नेऊन ती त्यांच्या छातीवर चिकटवली आणि फोटो परत काढला. ठिपका बरोब्बर त्या टाचणीच्या गोलात बसला होता. सर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मालक, हा ठिपका तुमच्याकडे जन्मापासून आहे. स्तनाग्राची सावली. दुसऱ्या बाजूलाही एक आहे, पण जावईबापूंना तो पसंत पडला नसावा."

पण सर खोटं वागणारे नव्हते. पुढे एकदा गळ्याच्या हाडामागे लपलेला एक बारीक ठिपका सरांच्या नजरेतून सुटला आणि जावईबापूंनी पकडला. सर खुर्चीतून उठले, त्यांनी कंप्युटरला वाकून नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर पेढा ठेवला. मग तो स्वतःच खाल्ला.

हे सगळं असं मजेत चाललं होतं. मग मालकांना कसलंसं सर्टिफिकेट हवं झालं, आणि त्यासाठी सगळ्या स्टाफचे छातीचे फोटो काढायचं ठरलं. सहा वर्षांत आमची छाती कुणीच बघितली नव्हती. सकाळी टेक्निशियनने आमचे फोटो काढून इतर पेशंटच्या यादीत ढकलून दिले.

दुपारी सर सांगत होते आणि मी टाइप करत होते. "स्त्री, चौतीस वर्षं. उजवं फुप्फुस, वरचा भाग. एक गोल ठिपका, बारा मिलिमीटर. कडा बऱ्यापैकी गुळगुळीत, बाहेरच्या बाजूला जराशी खडबडीत." जावईबापूंनीही लाल चौकोन काढला आहे, हे त्यांनी सांगितलं. चौतीस वर्षांच्या बायका पार्ल्यात काही कमी नाहीत. मी माझी अक्कल पाजळत, टाइप करता करता म्हटलं, "वाढीव बांधकाम वाटतंय, सर. बिचारी."

सरांनी पट्टीचं टोक उचलल्याचा आवाज आला. नेहमी लगेच नाव यायचं. ते आलं नाही. मी बोटं कीबोर्डवर ठेवून थांबले. मग विचारलं, "नाव काय, सर?"

सर म्हणाले, "जुना फोटो आणलाय?"

"कुणी?"

"तू."

मी वळून बघितलं. त्यांनी पट्टी परत लावली होती आणि तिच्यावर बोट दाबून धरलं होतं, जणू खालून काही बाहेर येणार होतं. त्यांनाही ते नाव तेव्हाच कळलं होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते. सरांना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मग मी घाबरले.

त्याच संध्याकाळी त्यांनी माझा सीटी स्कॅन करून घेतला. त्यातही नीट काही ठरेना. चुना होता, पण मधोमध नव्हता, एका कडेला होता. "असा कडेचा चुना दोघांकडेही असतो," सर म्हणाले. "आता दोनच रस्ते. तीन महिने थांबून परत स्कॅन करायचा, नाहीतर सुई घालून तुकडा काढायचा. आणि तिसरा रस्ता जुना फोटो."

जुना फोटो होता ना! इथे लागायच्या आधी एका कंपनीत नोकरीसाठी मेडिकल झालं होतं, तेव्हाचा. ती नोकरी मिळाली नाही, पण फोटो मी घरी आणला होता. मोठा, खाकी पाकिटातला. वाकोल्याच्या आमच्या खोलीत मी पोटमाळा पालथा घातला. माझी दहावीची मार्कशीट सापडली, दिवंगत पप्पांचा मफलर सापडला, फोटो नाही. आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, तर ती म्हणाली, "तुझ्या पप्पानं काय केलं त्याचं, त्यांनाच ठाऊक. काहून, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही.

आठ दिवस मी कशी राहिले ते मलाच माहीत. जेवण जात नव्हतं. सरांची सगळी भाषा मला येत होती, हाच त्रास होता. जिला काहीच कळत नाही ती बाई निदान डॉक्टर काय सांगतात त्याची वाट बघते. मला रात्रंदिवस छातीत कुणीतरी विटा रचतंय असं वाटायचं. मी मरेन आणि आई एकटी त्या खोलीत राहील, एवढंच डोक्यात यायचं. सेंटरमध्ये मात्र सर रोज सकाळी न चुकता विचारायचे, "आणलाय?" मी रडकुंडीला येऊन एक दिवस ओरडले, "नाहीये, सर! हरवला! मला जपून ठेवता आला नाही!"

त्यांनी माझं वाक्य मला परत केलं नाही. फक्त म्हणाले, "वडील वस्तू फेकून देणारे होते का?"

"छे. तुटलेल्या चपलेचा पट्टासुद्धा ठेवायचे."

"मग तो घरातच आहे. शनिवारी दुपारी येतो."

मी म्हटलं, आईला यातलं काही माहीत नाही, कृपा करून बोलू नका. "मी कशाला बोलतोय?" सर म्हणाले. "आणि हे बघ, घाबरायचंच असेल तर पुराव्यानिशी घाबर. तोपर्यंत डबा खा."

शनिवारी ते आले. रिक्षा आमच्या गल्लीत शिरत नाही, त्यामुळे तोंडाशी उतरून चालत. वाटेत कुणी खोकताना दिसलं की "बिडी ओढतोस काय रे?" म्हणून चौकशी करत, त्यामुळे आमच्या दारापर्यंत पोचले तेव्हा मागे चार माणसं आपली दुखणी घेऊन उभी होती.

आईने चहा टाकला. सर पलंगावर बसले आणि मला वाटलं होतं त्याच्या दहापट वाईट थाप मारली. "ताई, आमच्या सेंटरमध्ये जुन्या एक्स-रेंचं प्रदर्शन भरवतोय. हिचा एक मिळाला तर बरं होईल."

आईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बघा की," एवढंच म्हणाली.

सर उठून खोली बघायला लागले. आमची खोली दहा बाय पंधरा, बघायला काय वेळ लागतो? पण ते प्रत्येक कपाटाच्या मागे, प्रत्येक पत्र्याच्या डब्याखाली वाकून बघत होते. मग भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपाशी थांबले. त्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. तसबिरीच्या मागच्या कडेला बारीक काळी रेघ दिसत होती. सरांनी तसबिरीला हात जोडले, आईला विचारलं, "काढू का?" आणि ती अलगद उतरवली.

मागे माझी छाती होती. ओल चित्राला लागू नये म्हणून पप्पांनी तसबिरीच्या मापाने फोटो कापून मागे लावला होता. सरांनी तो तुकडा ट्यूबलाइटसमोर धरला.

"हे हृदय," ते म्हणाले. "म्हणजे हा डावा अर्धा भाग. हृदय झकास आहे तुझं. पण आत्ता कामाचं नाही."

फोटो उभा अर्धा कापलेला होता. उजवी बाजू गेलेली. मी पलंगावर बसलेच.

"दुसरा तुकडा पाहिजे होय?" आई म्हणाली. "असलाच काळा तुकडा मोरीत हाय ना. त्यो फोटूचा हाय, हे आत्ता कळलं मला. खिडकीची काच फुटली तवा तिच्या पप्पानं तिथं ठोकला."

मोरीची खिडकी! त्या खिडकीला एक काळपट प्लॅस्टिक आहे, हे मला माहीत होतं. साबणाचे फेस आणि पाण्याचे पांढरे डाग बसून ते इतकं मळलं होतं की मी कधी त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. सहा वर्षं रोज सकाळी त्याच्याखाली उभी राहून अंघोळ केली, आणि मग पार्ल्याला जाऊन लोकांना झापलं, की तुमच्याच छातीचा आहे ना?

सरांनी पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मोरीत शिरले. मी ओला फडका घेऊन तो तुकडा घासायला गेले तर ओरडले, "अगं, पुरावा धुशील!" मग स्वतःच प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढून रुमालाने हळूहळू डाग टिपायला लागले. मी त्यांचा शर्ट मागून धरून उभी. आमची मोरी पश्चिमेला. चार वाजताचं ऊन सरळ खिडकीवर पडलं होतं, आणि रुमाल फिरत गेला तशी एकेक बरगडी उजळत गेली. वर कोपऱ्यात माझं नाव आणि तारीख, पाण्याने अर्धी पुसलेली, पण वाचता येत होती. इथे पट्टी नव्हती.

आणि नावाच्या खाली, वरून तिसऱ्या बरगडीच्या फटीत, ठिपका होता.

सरांनी खिशातली पट्टी काढून लावली. "बारा." पट्टी पुसून परत लावली. "बारा." मग स्टुलावरून उतरले आणि पट्टी माझ्या हातात दिली. "तू बघ."

मी चढले. पट्टी ठिपक्यावर ठरेना. खालून सर म्हणाले, "घाई नाही. तो सहा वर्षं कुठे गेला नाही, आता कुठे जातोय?"

बारा होता. मी मोरीत उभ्या उभ्या मोठ्याने रडले.

"पागडीवाला," सर म्हणाले. "तसूभर हललेला नाही. जावईबापूंना काय माहीत, तो घरात कधीपासून राहतोय."

आई दारात उभी होती. तिने विचारलं, "कसलं परदर्शन हे, डॉक्टरसाहेब? मला येडी समजता का? पोरगी आठ दिवस जेवली नाही. काय हाय तिच्या छातीत?"

या वेळी सरांनी थाप मारली नाही. तिथेच उभ्या उभ्या, पॅंट दुमडलेली तशीच ठेवून, सगळं सांगितलं आणि विचारलं, "ताई, घरात कुणाला टीबी झाला होता का?"

आईने आधी जाऊन बाहेरचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "मला. ही चार वर्षांची होती. गोळ्या पुऱ्या केल्या, बरी झाले. हिला कधी सांगितलं नाही. लोक म्हनतील, हिच्या आईला तसला रोग व्हता, हिचं लगीन जमायचं नाही." मग तिने पदर तोंडाला लावला. "म्हंजे माझ्यामुळंच झालं."

सर म्हणाले, "तुम्ही औषध पूर्ण घेतलंत म्हणून तर हिचं एवढ्यावर भागलं. टीबी आत शिरला, हिच्या शरीराने त्याला कोंडून वर चुना लावला, संपलं. तुमच्याकडून हिला मिळालेली ही एकच वाईट गोष्ट आहे, तीही पक्की बंद करून." मग म्हणाले, "चहा गार झाला असेल. पोहे होतील का?"

आईने पोहे केले. मी दोन बशा खाल्ल्या. जाताना दारातल्या चौघांच्या पाठीला कान लावून बघितल्यावरच सर गल्लीबाहेर पडले.

सोमवारी सकाळी आमच्या अंधाऱ्या खोलीत सर नेहमीसारखे बसले, आणि त्यांनी पडद्यावरची चिकटपट्टी पूर्ण सोलून काढली. सहा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "आज नाव आधी टाक."

मी नाव टाकलं. मग रिपोर्ट. ठिपका, बारा मिलिमीटर, सहा वर्षांपूर्वीच्या फोटोशी तुलना करता काहीही बदल नाही. निरुपद्रवी. सुई नको, काही नको. "आणि तुलनेच्या रकान्यात लिही," सर म्हणाले, "जुना फोटो मूळ जागी, वाकोल्याच्या मोरीच्या खिडकीत, सूर्यप्रकाशात तपासला."

"सर, मी हे टाइप करणार नाही."

"का? खरं आहे."

"मालक सही करतील का याच्यावर?"

"सही माझी असते. टाइप कर."

आमचं त्यावरून चांगलं जुंपलं. शेवटी मी टाइप केलं, त्यांनी सही केली, आणि मालकांनी तो रिपोर्ट सर्टिफिकेटच्या फाइलमधून गुपचूप काढून मला दिला. तो माझ्याकडे आहे. दुपारी सरांनी पडद्यावर नवी पट्टी लावली.

सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. झोपेत गेले. त्यांची मुलगी भेटली तेव्हा म्हणाली, बाबांचं हृदय थकलं होतं, फुप्फुसं शेवटपर्यंत चांगली होती. मला वाटलं, हे जुना फोटो बघून म्हणतेय का? आणि मग मला तिच्यासमोरच हसू आलं आणि रडूही. ती बिचारी गोंधळली.

पट्टी अजून पडद्यावर आहे. नवीन डॉक्टर तरुण आहेत. एकदा त्यांनी ती काढायला हात लावला, पण मी ज्या नजरेने बघितलं त्यानंतर त्यांनी विषय सोडला.

मध्यंतरी माझा मामेभाऊ आला होता, तो म्हणाला, मोरीला आता सरकती ॲल्युमिनियमची खिडकी बसवून घेऊ. आईने साफ नकार दिला. आता दर रविवारी ती मऊ फडक्याने तो तुकडा पुसते, घासत नाही. आणि मी रोज सकाळी अंघोळीला गेले की आधी वर बघते. फोटोतला ठिपका काही वाढत नसतो, एवढं मला कळतं. ज्या माणसाने मला ते शिकवलं, तो असता तर यावरून त्याने माझी महिनाभर टर उडवली असती. तरी बघते. आहे, तिथेच आहे, तेवढाच आहे. मग नळ सोडते.